फ्रँक स्टेला आणि भिंतीपासून पुढे सरकत गेलेलं चित्र

आडवी_रेघ

अमेरिकन चित्रकार फ्रँक स्टेला ४ मे २०२४ ला गेला. त्याच्याबद्दल कुठेही वाचायला घेतलं की त्याचे दोन तुकडे पाडलेले दिसतात. एकीकडे १९५९ ची काळी चित्रं: शिस्तशीर, मुकी, इतिहासात जागा मिळालेली. दुसरीकडे सत्तरीनंतरची रंगीत, धातूची, अंगावर येणारी कामं. पहिल्यांची स्तुती करायची आणि दुसऱ्यांपाशी आल्यावर आवाज खाली आणायचा, असा एक रिवाज पडलाय. मला ही वाटणी पटत नाही, म्हणून हा धागा. माझं म्हणणं असं की त्याने सुमारे ६० वर्षं एकच प्रश्न सोडवला आणि प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर जे उरलं होतं त्यातून निघाली.

स्टेला १९३६ चा, बॉस्टनजवळच्या मॉल्डनचा. १९५८ ला प्रिन्स्टनमधून इतिहासाची पदवी घेऊन तो न्यूयॉर्कला आला आणि पोटासाठी घरं रंगवू लागला. त्याच कामाचा अडीच इंची ब्रश आणि दुकानातलं साधं काळं एनॅमल त्याने कॅनव्हासवर आणलं. पेन्सिलने रेघा आखायच्या, पट्टा ओढायचा, रेघेच्या जरा अलीकडे थांबायचं, मग पुढचा पट्टा. चिकटपट्टी नाही. दोन पट्ट्यांच्या मधली बारीक फिकट रेघ कोणी रंगवलेली नाही, तो कोरा राहिलेला कॅनव्हास आहे. छापील चित्रात ती पट्टीने मारल्यासारखी दिसते. समोर उभं राहिलं की तिच्या दोन्ही कडांना झिरपलेला रंग दिसतो, कुठे हात हललेला दिसतो. ही चित्रं यंत्रासारखी थंड आहेत असं म्हणणाऱ्यांनी ती हातभर अंतरावरून पाहावीत.

डिसेंबर १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टने 'सिक्स्टीन अमेरिकन्स' या प्रदर्शनात त्याची चार काळी चित्रं लावली. तेव्हा तो २३ वर्षांचा होता. त्यातलं 'द मॅरेज ऑफ रीझन अँड स्क्वॉलर' संग्रहालयाने विकतही घेतलं.

या चित्रांबद्दल बोलताना पट्ट्यांवर पानंच्या पानं लिहिली जातात. मला महत्त्वाची वाटते ती मागची लाकडी चौकट. त्याने चौकटीच्या पट्ट्या धारेवर उभ्या ठोकल्या, त्यामुळे कॅनव्हास भिंतीपासून सुमारे तीन इंच पुढे आला. चित्र म्हणजे भिंतीतली खिडकी, ही समजूत तिथे संपली. भिंतीवर एक वस्तू आली आणि तिला जाडी होती.

१९६० मध्ये त्याने अॅल्युमिनियम रंग घेतला. आता पट्टे सरळ जाता जाता वळण घेऊ लागले. अशी वळणं घेताना कडेला, कोपऱ्यात छोटे चौकोन उरतात, त्यांना पट्ट्यांच्या हिशेबात जागा नसते. दुसऱ्या कोणी ते भरून टाकले असते. स्टेलाने ते कापून काढले. कॅनव्हासला खाचा पडल्या आणि आकारित चित्र तयार झालं. 'वेगळ्या आकाराचं काहीतरी करू' अशा हौसेने ते आलेलं नाही. आतल्या पट्ट्यांनी बाहेरची कड ठरवली. पुढच्या तांब्याच्या मालिकेत, बोटींच्या तळाला लावतात तो तांब्याचा रंग वापरून, इंग्रजी एल, टी, यू अशा आकारांचे कॅनव्हास आले आणि आयत पुरता सुटला.

डिसेंबर १९६४ मध्ये गुगनहाइम संग्रहालयात लॉरेन्स अॅलोवेने 'द शेप्ड कॅनव्हास' हे प्रदर्शन भरवलं. स्टेलाबरोबर पॉल फीली, स्वेन लुकिन, रिचर्ड स्मिथ आणि नील विल्यम्स होते. म्हणजे तो एकटा नव्हता. पण बाकीच्यांपैकी कोणी हा धागा त्याच्याइतका लांब ओढला नाही.

१९६६ च्या 'इर्रेग्युलर पॉलिगन्स'मध्ये ११ रचना आहेत, प्रत्येकीच्या चार आवृत्त्या, एकूण ४४ चित्रं. नावं न्यू हॅम्पशायरमधल्या गावांची. 'चोकोरुआ'त आयत आणि त्रिकोण एकमेकांत शिरलेत. कोण पुढे, कोण मागे, हे डोळा ठरवू शकत नाही. काळ्या चित्रांतून त्याने खोली (डेप्थ) हद्दपार केली होती, ती इथे मागच्या दाराने परत आली, आणि यावेळी त्याने तिला हाकललं नाही. माझ्या मते त्याच्या आयुष्याचं वळण इथे आहे. मग १९६७ पासून 'प्रोट्रॅक्टर' मालिका: कंपासपेटीतल्या कोनमापकाचा अर्धगोल, ३१ आकार, प्रत्येकावर तीन प्रकारची नक्षी. गुगनहाइमचं 'हरान २' दहा फूट उंच, वीस फूट लांब आहे. १९७० मध्ये, वयाच्या ३३ व्या वर्षी, म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्याचं सिंहावलोकन झालं. इथे थांबला असता तरी तो पुस्तकांत राहिला असता.

पुढचं प्रतिसादांत लिहितो. आधी तुम्ही बोला.

जुना_जेजेकर

फार दिवसांनी चित्रकलेवर असा धागा आला, बरं वाटलं. चौकटीचा मुद्दा अगदी पटला. स्वतः असे कॅनव्हास ताणून पाहिल्यामुळे एक भर घालतो. बाहेरचा कोपरा सोपा असतो, कापड दुमडून मागे ठोकता येतं. खरा त्रास आत शिरणाऱ्या कोपऱ्याचा. तिथे कापड मागे घ्यायला कोपऱ्यापर्यंत चीर द्यावी लागते, आणि चीर दिली की नेमक्या त्या बिंदूवर कड झाकायला कापडच उरत नाही. जरा जास्त चिरलं तर लाकूड दिसतं, कमी चिरलं तर सुरकुती पडते. त्यात चौकट आयताची नसली की ताण चारी बाजूंना सारखा राहत नाही. आमच्याकडच्या पावसाळ्यात लाकूड पीळ खातं ते वेगळंच. 'एल', 'यू' असल्या आकारांत असे किती कोपरे येतात ते मोजा, म्हणजे तांब्याच्या मालिकेत सुताराचं किती डोकं लागलं असेल ते कळेल.

अजून एक. १९६४-६५ मध्ये आपले चित्रकार वासुदेव गायतोंडे रॉकफेलर फेलोशिपवर न्यूयॉर्कमध्येच होते. तेव्हा त्या शहरात अमूर्त चित्राचे दोन रस्ते एकाच वेळी चालू होते, ते डोळ्यांपुढे आणा. गायतोंडे कॅनव्हासच्या आत, रंगाच्या थरांत, रोलर आणि सुरीने खोल खोल जाणार. स्टेला कॅनव्हास घेऊन बाहेर येणार. वर्षाला मोजकी पाच-सहा चित्रं करणारा माणूस आणि मालिकेमागून मालिका काढणारा माणूस. मला दोघेही लागतात.

पाणकावळा

मी चित्रांतला नाही, पक्ष्यांतला आहे. पण स्टेलाची भारतीय पक्ष्यांच्या नावांची कामं आहेत ना? 'शमा', 'कस्तुरा', 'जंगली कौवा' अशी नावं एका कॅटलॉगमध्ये पाहून चकित झालो होतो. चित्रात पक्षी मात्र कुठे सापडला नाही. त्याबद्दल लिहा.

आडवी_रेघ

@जुना_जेजेकर, आतल्या कोपऱ्याचं इतकं नेमकं कुठे वाचलं नव्हतं. यातूनच पुढची पायरी कळते. कापड कोपऱ्यात नाही म्हणतं, म्हणून पुढे पुठ्ठा, लाकूड आणि शेवटी धातू.

@पाणकावळा, तिथे येतोच, पण मधली एक मालिका सोडून चालणार नाही.

१९७० च्या सुमारास वास्तुविशारद रिचर्ड मायरने स्टेलाला एक पुस्तक दिलं: मारिया आणि काझिमिएझ पिएखोत्का या पोलिश वास्तुविशारद दांपत्याचं, पोलंडमधल्या लाकडी सिनेगॉगवरचं, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनागृहांवरचं. सतराव्या-अठराव्या शतकातल्या त्या इमारती, एकावर एक छपरं, तिरके वासे, सांध्यात सांधा अडकवलेला. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी त्या नष्ट केल्या. उरली ती युद्धाआधी केलेली मोजमापं, नकाशे आणि फोटो. स्टेलाने 'पोलिश व्हिलेज' मालिकेतल्या कामांना त्या गावांची नावं दिली: बोगोरिया, ओल्कियेनिकी, येझिओरी. १३० हून अधिक कामं झाली.

एकेका रचनेच्या तो साधारण तीन आवृत्त्या करायचा. पहिलीत नमदा, कागद, कापड कॅनव्हासवर सपाट चिकटवलेलं. दुसरीत तेच तुकडे जाड होऊन वर उचललेले. तिसरीत प्रत्येक तुकडा वेगळ्या कोनात कललेला. तिन्ही शेजारी ठेवल्या की चित्र पायरी-पायरीने भिंत सोडताना दिसतं. 'इर्रेग्युलर पॉलिगन्स'मध्ये डोळ्याला जे पुढे-मागे भासत होतं, ते इथे खरोखर पुढे-मागे झालं. हे काम बघून मूळ इमारत ओळखता येत नाही, तसा हेतूही नाही. पण सुताराने जोडलेली आणि माणसांनी जाळलेली एक वस्तू नावापुरती तरी शिल्लक राहावी, ही ओढ मला त्यात दिसते. हाच स्टेला तरुणपणी म्हणत असे की चित्रात दिसतं तेवढंच आहे, त्यापलीकडे काही नाही.

पत्राकाम

आमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे म्हणून विचारतो. धातूची कामं तो स्वतः कापायचा का? एवढी मोठी अॅल्युमिनियमची शीट हाताने कापून, वाकवून, भिंतीला टांगणं म्हणजे चेष्टा नाही. वजन किती, ब्रॅकेट कसलं, याबद्दल चित्रकलेवर लिहिणारे कधीच बोलत नाहीत.

आडवी_रेघ

नाही, कापायचं काम कारखान्यात व्हायचं. तो लहान मॉडेल करायचा, कारखान्यात ते मोजून मोठं केलं जायचं आणि मग कापून आलेल्या भागांवर तो रंगवायला बसायचा. 'एक्झॉटिक बर्ड्स' मालिकेतल्या मोठ्या कामांच्या नावांमागे '५.५ एक्स' असं लिहिलेलं असतं. ते मॉडेलच्या साडेपाचपट, इतकंच. धातू म्हणजे बहुतेक वेळा अॅल्युमिनियमचं हनीकोंब, दोन पातळ पत्र्यांमध्ये मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी. विमानांत वापरतात ते. भरीव शीट असती तर भिंत उतरली असती. हनीकोंबमुळे आठ-दहा फुटी आकारही टांगता आले. सत्तरीतली त्याची झेप या मालाशिवाय शक्य नव्हती असं मला वाटतं.

कर्व्हसेट

ड्रॉइंग ऑफिसात आयुष्य गेलं माझं. 'एक्झॉटिक बर्ड्स'ची चित्रं पहिल्यांदा पाहिली तेव्हा एकदम ओळख पटली: हे तर फ्रेंच कर्व्ह! रेल्वेचं वळण काढायच्या लांबट पट्ट्या आहेत, जहाजाच्या बांधणीचे शिप कर्व्ह आहेत. ज्यांनी कधी वापरले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. फ्रेंच कर्व्हची गंमत अशी की त्याचा कुठलाही भाग वर्तुळाचा नसतो. वळण सतत घट्ट किंवा सैल होत जातं. आम्ही तीन बिंदू घेऊन त्यावर कर्व्ह सरकवत राहायचो, एक तुकडा जुळला की तेवढाच काढायचा, पुन्हा सरकवायचं. अख्खा कर्व्ह कागदावर कधीच उमटत नाही, हाताखालचं अवजार राहतो. या माणसाने ते अवजारच उचलून माणसापेक्षा मोठं केलं, कापलं, एकमेकांवर रचलं आणि रंगवलं. मला तर ती आमच्या सगळ्या न दिसलेल्या कामाची कदर वाटली.

आडवी_रेघ

@कर्व्हसेट, अप्रतिम प्रतिसाद. कोनमापकापासून फ्रेंच कर्व्हपर्यंतचा प्रवास हाच आहे. कोनमापकाचा आकार आधीच ठरलेला असतो, फ्रेंच कर्व्हचा ठरत ठरत जातो.

आता @पाणकावळा यांचे पक्षी. १९७७ मध्ये स्टेला अहमदाबादला साराभाई कुटुंबाचा पाहुणा होता. तिथे त्याने 'इंडियन बर्ड्स'ची लहान मॉडेलं केली. त्यासाठी घेतला डबे करायचा छापील पत्रा. आपल्याकडच्या प्रत्येक घरात तेलाचा, बिस्किटांचा असा रंगीत डबा होता, त्याचा पत्रा. पातळ, कात्रीने कापता येणारा, हाताने वळवता येणारा, आणि आधीच रंगांनी भरलेला. या मॉडेलांचं वेगळं प्रदर्शन १९७९ मध्ये म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये झालं.

नावं भारतीय पक्ष्यांची. चित्रात पक्षी शोधू नका, सापडणार नाही, तुमचं निरीक्षण बरोबरच आहे. बदल झाला तो रचनेत. आधीच्या मालिकेत आकार एका मागच्या पाटीवर बसवलेले होते. इथे पाटीच गेली आणि तारेच्या वळवलेल्या जाळीवर सगळे आकार अडकवले. आरपार भिंत दिसते. म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टमधलं 'कस्तुरा' (१९७९) अॅल्युमिनियम आणि तारेच्या जाळीचं आहे, त्यावर तैलरंग आणि एपॉक्सी. आता पृष्ठभाग कुठला, असं विचारलं तर बोट ठेवता येत नाही. हे पाऊल अहमदाबादेत, त्या पत्र्याशी खेळताना पडलं, आणि आपल्याकडे त्याची फारशी कुणाला खबर नाही, याचं मला वाईट वाटतं.

निळी_शाई

मी थोडं विरुद्ध लिहिते. माहिती उत्तम आहे, पण 'एकच प्रश्न, पायरी-पायरीने' ही मांडणी मला जास्तच सोयीची वाटते. ऐंशीच्या दशकातल्या कामांपुढे मी उभी राहिले आहे. शंकू, खांब, जाळ्या, सगळीकडे रंगाचे फराटे, चमक. डोळ्याला टेकायला जागा नाही. कलासमीक्षक डग्लस क्रिम्पने १९८१ मध्ये 'चित्रकलेचा अंत' या लेखात म्हटलंच होतं की सत्तरीच्या अखेरची ही कामं म्हणजे आदळआपट आहे, चित्रकला संपली नाही असा आक्रोश आहे. मला तो आरोप पूर्ण खोटा वाटत नाही. दुसरं, या आकाराचं काम विकत कोण घेणार, लावणार कुठे? मोठ्या कंपन्यांच्या लॉबीत. काळी चित्रं माणसाला थांबवायची. ही चित्रं इमारतीची शोभा होतात. आणि जो कारागीर कापतो, त्याचं नाव कुठे येत नाही. @पत्राकाम यांचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटला.

सई_न्यूजर्सीहून

२०१५ च्या शेवटी न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात झालेलं मोठं सिंहावलोकन पाहिलं होतं. तिथे सगळं काटेकोर कालक्रमाने लावलेलं नव्हतं, जुनं आणि नवं एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात होतं. @निळी_शाई, 'टेकायला जागा नाही' हे मलाही समोरून वाटलं. पण चालत बाजूला गेले तेव्हा भलतंच घडलं. समोरून जे रंगांचं भांडण होतं, ते बाजूने एकदम मोकळं झालं. आकार एकमेकांपासून हातभर दूर, मध्ये हवा, एकाची सावली दुसऱ्यावर. पत्र्याच्या कापलेल्या धारेत हनीकोंबच्या पोकळ्या दिसतात, मागे नट-बोल्ट दिसतात, काही लपवलेलं नाही. परत समोर आले तरी ते अंतर डोळ्यात राहिलं होतं. एका जागी उभं राहून ही कामं पाहता येत नाहीत. फोटोत तर अजिबातच नाही. फोटो त्यांना पुन्हा सपाट करतो.

आडवी_रेघ

@निळी_शाई, तुमचा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. 'कोन्स अँड पिलर्स' (१९८४-८७) मधली काही कामं मलाही गच्च वाटतात. लॉबीचा मुद्दाही खरा आहे. पण आदळआपट हे क्रिम्पचं निदान मला मान्य नाही, कारण स्टेला तेव्हा काय विचार करत होता हे त्याने स्वतः नीट मांडून ठेवलंय. १९८३-८४ मध्ये हार्वर्डला त्याने नॉर्टन व्याख्यानं दिली. त्यांचं पुस्तक १९८६ मध्ये 'वर्किंग स्पेस' नावाने आलं. त्याआधी तो रोममध्ये राहून इटालियन चित्रकार काराव्हाज्जोची चित्रं बघत होता. त्याचा मुद्दा असा: सोळाव्या शतकाअखेर इटलीतली चित्रकला दमली होती, काराव्हाज्जोने आकृत्यांभोवती अशी जागा तयार केली की त्या चित्रातून पुढे आल्यासारख्या वाटल्या. आपल्या काळातली अमूर्त चित्रकलाही तशीच दमली आहे, सपाटपणाच्या नियमात तिने स्वतःचा श्वास कोंडून घेतलाय, तिलाही तशी जागा हवी. सपाटपणाचा तो नियम घट्ट करण्यात त्याच्या स्वतःच्या काळ्या चित्रांचा हात होता. ते माहीत असूनही हे जाहीरपणे बोलायला धैर्य लागतं. जाळ्या, शंकू, फराटे हे सगळं त्या एका भुकेतून आलंय.

आणि माल तर बघा. 'सर्किट्स' मालिकेत (नावं मोटार शर्यतींच्या मैदानांची, स्टेलाला वेगाचं वेड होतं) त्याने छपाईचे ब्लॉक कोरणाऱ्या कारखान्यातले कोरलेले मॅग्नेशियमचे पत्रे वापरले. त्यातून त्याच्या मुद्राचित्रांतली रेघ धातूच्या चित्रांत आली. पुढे 'मॉबी डिक' मालिका, १९८६ ते १९९७. कादंबरीच्या १३५ प्रकरणांपैकी प्रत्येकाच्या नावाने काहीतरी, एकूण अडीचशेहून अधिक कामं. त्यातला लाटेचा आकार कोनी आयलंडच्या मत्स्यालयात मुलांबरोबर पाहिलेल्या पांढऱ्या बेलुगा देवमाशांवरून सुचला. नुसती शोभा करायची असती तर कोणी एका पुस्तकामागे दहा-बारा वर्षं घालवत नाही.

कारागिरांच्या नावांबद्दल पूर्ण सहमत. ती भिंतीवरच्या पाटीवर असायला हवीत.

पत्राकाम

मग शेवटी हे चित्र की शिल्प? आमच्या धंद्यात जमिनीवर उभं राहतं त्याला स्ट्रक्चर म्हणतात आणि भिंतीला लागतं त्याला फिटिंग. दोन्हींचं गणित वेगळं. भिंतीवरच्याला सगळा ताण मागच्या दोन-चार बिंदूंवर येतो, जमिनीवरच्याला स्वतःचं वजन स्वतःच्या पायांतून खाली न्यावं लागतं.

आडवी_रेघ

स्टेलाचं उत्तर ठरलेलं होतं: शिल्प म्हणजे कापून कुठेतरी उभं केलेलं चित्र. मला तुमचा हिशेब जास्त कामाचा वाटतो. जोवर ताण मागच्या भिंतीवर आहे तोवर कामाला समोरची बाजू असते, बघणाऱ्याला सुरुवातीची जागा असते, आणि बाजूने गेल्यावर जे कळतं ते त्या सुरुवातीशी ताडून बघता येतं. सईताईंनी लिहिलेला अनुभव त्याशिवाय होत नाही. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीबाहेरचं 'प्रिन्स ऑफ होम्बुर्ग' खुल्या जागेत उभं आहे. भव्य आहे, तरी त्याच्यापुढे मी चित्र बघायच्या तयारीने उभा राहू शकत नाही. २००६ पासूनची 'स्कारलाटी' मालिका मात्र मला फार आवडते. संगीतकार स्कारलाटीच्या सोनाटांना (वाद्यरचनांना) राल्फ कर्कपॅट्रिकने लावलेले क्रमांक हीच कामांची नावं, थ्रीडी प्रिंटरवर केलेले रंगीत आकार आणि त्यांच्याभोवती फिरणाऱ्या धातूच्या नळ्या. यातली भिंतीवरची कामं एखाद-दोन बिंदूंवर तोललेली असतात, भिंतीला जेमतेम लागलेली.

पत्राकाम

एखाद-दोन बिंदूंवर? म्हणजे कँटिलिव्हर, एका टोकाला धरलेलं आणि बाकी हवेत. त्या नळ्या पोकळ असल्या तरी टोकाला आकार बसवला की मुळाशी पीळ येणार. तिथे आतून प्लेट दिली असणार, नाहीतर वेल्ड धरणार नाही. मागून काढलेला एखादा फोटो मिळाला तर इथे नक्की टाका, मी जोडणीचं स्केच काढून देतो.